गोळ्यांची वाटणी

कॅन्टीनच्या मागच्या टेबलावर पाव भाजायचा पत्र्याचा ट्रे होता आणि त्या ट्रेमध्ये आमच्या अभ्यासातल्या गोळ्या पसरलेल्या होत्या. पांढऱ्या, लांबट, सगळ्या एकसारख्या. पाववाले काका दोन्ही हातांनी त्या खालीवर करत होते, मळायच्या आधी पीठ सारखं करतात तसे. शेजारी चार बाटल्या झाकणं काढून ठेवलेल्या. त्या बाटल्या थोड्या वेळापूर्वी मीच माझ्या हाताने चौघांना नंबर तपासून दिल्या होत्या. मी तिथे फक्त चहा घ्यायला गेले होते.

मी नर्स आहे. रक्त, पू, दारातच भांडणारे नातेवाईक, यातल्या कशाचंच मला काही वाटत नाही. पण त्या ट्रेकडे बघितलं आणि हातातला कप मी कुठे ठेवला तेही आठवत नाही.

गोळ्या कालवल्या तर एवढं काय आकाश कोसळलं, असं वाटणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी त्वचा विभागात काम करते. आमच्याकडे सोरायसिसचे रोगी पुष्कळ. अंगावर लाल चट्टे उठतात, त्यावर चंदेरी खपल्या धरतात, खाज सुटते, भेगा पडतात. हा रोग शिवल्याने लागत नाही हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतात. आमच्या डॉक्टर मॅडमना फार दिवसांपासून एका गोष्टीने पछाडलं होतं. ज्यांना सोरायसिस आहे आणि हृदयासाठी कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्याही चालू आहेत, त्यांच्यातल्या काहींचे चट्टे शांत झालेले त्यांना दिसत. ती गोळी रक्तातली चरबी उतरवते, पण आतला दाहही जरा निववते असं म्हणतात. दुसऱ्या ठिकाणच्या काही अभ्यासांत फरक दिसला होता, काहींत अजिबात नाही. म्हणून मॅडमनी स्वतःचा अभ्यास उभा केला, आणि तो उभा करताना घरच्यांचे आणि वरिष्ठांचे किती टोमणे खाल्ले ते मी जवळून पाहिलं आहे.

अभ्यासाची रीत सोपी. अर्ध्या रोग्यांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कुठली ते रोग्याला ठाऊक नाही, मला नाही, मॅडमनाही नाही. ते फक्त तळमजल्यावरच्या फार्मासिस्टला ठाऊक, आणि तो तोंडाला कुलूप लावून बसलेला. सहा महिने गोळ्या द्यायच्या, दर महिन्याला चट्टे मोजायचे, शेवटी गुपित उघडायचं. सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता. ज्याने त्याने आपल्याच बाटलीतली गोळी घ्यायची.

आणि काका त्या कालवत होते.

हे चौघे म्हणजे माझे मंगळवारवाले. बेकरी चालवणारे काका, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, बस चालवणारे एक भाऊ आणि घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा. वेळेवर येणार, रांगेत बसणार, उरलेल्या गोळ्या परत करताना एकीचाही घोळ नाही. मी नाकावर माशी बसू देत नाही असं विभागात म्हणतात, आणि ते खरं आहे. त्या माझ्या नाकालासुद्धा हे चौघे पसंत होते. बाकीच्या रोग्यांना मी त्यांचे दाखले देऊन देऊन वैताग आणला होता.

हे काय चाललंय, असं मी विचारलं. काकांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं नावसुद्धा नव्हतं.

"या सिस्टर, बसा. वाटणी चाललीय."

मग बाईंनी मला समजावलं, फळ्यासमोर उभ्या असल्यासारखं. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना सांगितलं होतं की अर्ध्यांना खरी आणि अर्ध्यांना पिठाची. ते ऐकून चौघे इथे येऊन बसले आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. चारातल्या दोघांच्या नशिबी नुसतं पीठ. ते दोघे कोण? शेवटी काका म्हणाले की आमच्या बेकरीत संध्याकाळी उरलेला माल कामगार वाटून घेतात, तेव्हा करपलेला आणि चांगला आधी एकत्र करतात, म्हणजे कुणी घरी नुसता करपलेला घेऊन जात नाही. बाईंनी हिशेब मांडला की चारात दोन खऱ्या, म्हणजे कालवल्यावर प्रत्येकाला निम्म्या खऱ्या मिळणार. निम्म्या तर निम्म्या, पण रिकाम्या हाती कुणी जायचं नाही. पहिल्या महिन्यापासून हेच चालू होतं. ट्रे काका बेकरीतून आणायचे आणि आधी स्वच्छ धुऊन घ्यायचे, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं आणि हसूही येत होतं. मॅडमचा अख्खा अभ्यास या चार शहाण्यांनी पिठात घातला होता, तोही इतक्या चांगल्या मनाने की रागवायला जागा शोधावी लागत होती. मी ती शोधत होते तेवढ्यात मला ट्रेच्या कडेला ठेवलेला चहाचा कागदी कप दिसला. काका बाटल्यांच्या आधी त्या कपात गोळ्या टाकत होते.

हा पाचवा वाटा कुणाचा, मी विचारलं. बस चालवणारे भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. बाई चष्मा पुसू लागल्या.

"आत कपबश्या धुते ना, ती पोर," काका म्हणाले. "आम्ही चौघं अधूनमधून एक दिवस गोळीला सुट्टी देतो. तेवढ्यात तिचं भागतं. तिचे हात बघितलेत का तुम्ही?"

बघितलेत का? ती पोर माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको आहे. आम्ही तिला चिंगी म्हणतो. माझ्या ओळखीवर नोकरी मिळाली असं कुणी म्हणू नये म्हणून ती इथे नातं सांगत नाही, त्यामुळे या चौघांना त्याचा पत्ता नव्हता. आणि चिंगीला दिवस गेले होते.

दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, भावाच्या घरी जेवायला गेले होते तेव्हा मला ते कळलं. किती वर्षं त्या दोघांनी वाट बघितली, किती तपासण्या केल्या, किती वेळा डोळे पुसून पुन्हा उभे राहिले ते मला माहीत आहे. आमचे बंधुराज एरवी दगडासारखे, पण त्या दिवशी ताटं मांडताना पाचाच्या जागी सात मांडली आणि स्वतःच हसत सुटले. मी तर भोकाड पसरलं. एकटी चिंगी मांडीत हात ठेवून गप्प बसली होती. मी ते हात हातात घेतले तर मऊ, स्वच्छ, एक चट्टा नाही. मी आश्चर्याने विचारलं तर म्हणाली, नवीन मलम लावतेय. आनंद पेलवत नाहीये बिचारीला, असं मला वाटलं.

हेच हात आधी कसे होते ते सांगायला हवं. चिंगी आधी कॅन्टीनच्या काउंटरवर चहा द्यायची. हसतमुख, जिभेला धार, गिऱ्हाइकाला टोला मारून चहाबरोबर खायला घ्यायला लावणारी. मग तळव्यांवर आणि बोटांवर चट्टे आले. कुणीतरी तक्रार केली की हिच्या हातचा कप नको. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये, जिथे भिंतीवर आम्हीच लावलेला कागद सांगतो की हा रोग पसरत नाही. तिला मागे धुण्याच्या जागी पाठवलं. रबरी हातमोज्यांत घाम येऊन हात आणखी चिघळले. आमचा अभ्यास सुरू झाला तेव्हा ती माझ्याकडे आली होती, मला घ्या म्हणून. मी तिला सरळ सांगितलं की मूल होऊ शकणाऱ्या बायकांना यात घेत नाहीत, पोटातल्या बाळाला पहिल्या महिन्यांत या गोळीने काही होईल अशी भीती असते. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा कपबश्यांकडे गेली.

आता तो कागदी कप माझ्यासमोर होता. पहिल्या महिन्यापासून, काका म्हणाले होते. म्हणजे बाळ राहिलं तेव्हाही, आणि त्यानंतरही. मी कप उचलला आणि आत गेले.

चिंगी नळाखाली बश्या धूत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कपाकडे, आणि नळ बंद केला. मी तिला एकच विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, पहिल्यापासून. पण दिवस गेल्याचं कळलं त्या सकाळपासून एकही गोळी घेतलेली नाही. काकांना काय सांगायचं म्हणून कप घेते आणि गोळ्या कपाटात मागे ठेवून देते. कळलं तेव्हा दुसरा महिना संपत आला होता.

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता.

"तुम्हाला सांगितलं असतं तर त्या चौघांना तुम्ही घालवून दिलं असतं," ती म्हणाली. "आणि ताई, मूल होणारच नाही असं मी धरून चालले होते. निदान हात तरी बरे होऊ देत म्हटलं. मला पुन्हा काउंटरवर उभं राहायचं होतं. त्यात काय एवढं मोठं मागितलं मी? आता रोज रात्री डोळा लागत नाही. त्याला काही झालं तर तुमच्या भावाला मी कुठलं तोंड दाखवू?"

रविवारी ती का हसली नाही ते मला आत्ता कळलं, आणि मी स्वतःशीच इतकी चिडले की तिला जवळ घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. मी तिचा ओला हात धरला आणि तिला तशीच, एप्रनसकट, वर मॅडमच्या खोलीत नेलं.

मॅडम भिंगातून कुणाचं तरी कोपर बघत होत्या. त्या रोग्याला मी बाहेर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ट्रे, वाटणी, कप, दिवस. मॅडम ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. काकांचं सांगितलं तेव्हा भिंग त्यांच्या हातातच होतं. चिंगीचं सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं.

त्यांनी चिंगीला आधी तारखा विचारल्या, किती गोळ्या, कधी बंद केल्या, काही त्रास झाला का. मग खरं तेच सांगितलं. पूर्वी ही गोळी गरोदर बाईला विषासारखी वर्ज्य मानत. हल्ली डॉक्टर पूर्वीइतके घाबरत नाहीत, पुष्कळशा बाळांना काही झालेलं दिसत नाही, पण मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. आधी हे कळायला हवं की तुझ्या पोटात खरी गोळी गेली की पिठाची.

ते कळायचा एकच रस्ता होता. फार्मासिस्टला गुपित उघडायला लावायचं. आणि एकदा उघडलं की ते चौघे अभ्यासातून बाद. एरवीही त्यांनी आपापल्या आकड्यांची वाट लावलेलीच होती, पण ते वर कळवायचं, लेखी मान्य करायचं, मग अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे उभं राहून चार बाटल्यांतल्या गोळ्यांना कुलूप लावता आलं नाही हे ऐकून घ्यायचं. संपायला महिनाच उरला होता. मॅडमनी फोनवर हात ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. त्या एका क्षणात मी त्यांचा मनापासून तिरस्कार केला.

मग त्यांनी फोन लावला. चार नंबर वाचून दाखवले आणि उघडा म्हणाल्या. पलीकडून फार्मासिस्ट नियम सांगू लागला, ज्याला गोळ्या दिल्या आहेत त्याच्याच जिवाला धोका असेल तरच, वगैरे. त्याचा आवाज मला इथवर ऐकू येत होता.

"तो नियम मीच लिहिलाय," मॅडम म्हणाल्या. "उघडा."

चिंगी भिंतीला टेकून उभी होती. तिने एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं घट्ट धरली होती. पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग कागदांचा. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा सांगा, त्या म्हणाल्या. मग अजून एकदा, पुन्हा सांगा. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता.

"चारही," त्या म्हणाल्या.

चारही काय, मी जवळजवळ ओरडलेच.

"चारही पिठाच्या. चौघांनाही पिठाच्याच गेल्यात."

चार माणसं एकत्र बसून इतके महिने पीठ पिठात कालवत होती, समान वाटत होती, चिंगीसाठी एकेक दिवस पिठाचा त्याग करत होती. नाणं चार वेळा उडवलं तर चारही वेळा एकच बाजू पडू शकते, मॅडम सांगत होत्या, सगळ्या रोग्यांत मिळून निम्मे-निम्मे आहेत, त्या चारांत दोन पडतीलच असं कुणी सांगितलं होतं? गणिताच्या बाईंनी जन्मभर पोरांना हेच शिकवलं असणार. मी हसायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. बाळाला काही धोका नव्हता. एका गोळीचासुद्धा नव्हता.

मॅडमनी उठून चिंगीचे हात हातात घेतले, उलटसुलट केले, बोटांच्या मधे बघितलं. मग हे कसे बरे झाले, मी डोळे पुसत विचारलं. त्या म्हणाल्या की गरोदरपणात पुष्कळ बायकांचे चट्टे आपोआप ओसरतात, हिचेही त्याच महिन्यांत ओसरलेत. बाळंतपणानंतर परत येऊ शकतात, हेही त्यांनी लपवलं नाही. मग काकांचे गुडघे कसे साफ झाले, असं मी विचारलं, कारण मागच्याच महिन्यात ते मोजताना आम्ही दोघी खूश झालो होतो. मॅडमनी चिंगीचे हात सोडले.

"ते मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या.

मी चिंगीकडे वळले. मला वाटलं होतं आता ही माझ्या गळ्यात पडेल, मोकळी रडेल, आणि इतक्या दिवसांची जागरणं एकदाची संपतील. ती हातांकडे बघत उभी होती.

"म्हणजे खरी गोळी माझ्या पोटात अजून गेलेलीच नाही?"

एकही नाही गं, मी म्हणाले, एकसुद्धा नाही, आता निवांत झोप. पण तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ती नुसती सुटका नव्हती. इतके दिवस जीव मुठीत धरून काढलेल्या बाईचे डोळे एवढे चमकावेत याचा मला धक्काच बसला.

"मग ती अजून बाकी आहे," चिंगी म्हणाली, आणि मॅडमकडे वळली. "बाळ झालं, अंगावरचं पिणं सुटलं, की मग घ्याल मला?"

हा अभ्यास उरला तर, मॅडम म्हणाल्या. उरणार की नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि ती गोळी खरंच काही करते की नाही हे तर अजून कुणालाच नाही. तेवढं चिंगीला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. ती माझ्याकडेच बघत होती, दोन्ही हात माझ्यासमोर धरून, काउंटरवरून कुणाला कप द्यावा तसे.

"तोवर माझं नाव लिहून ठेवा ना, ताई," ती म्हणाली.

मी उघडलेलं तोंड मिटलं आणि मॅडमच्या टेबलावर पेन शोधायला लागले.